प्लेन टायगर (फुलपाखरू)

प्लेन टायगर (शास्त्रीय नाव: डॅनॉस क्रिसिपस) हे आफ्रिका व आशिया खंडांच्या उष्ण प्रदेशांत सर्वत्र आढळणारे मध्यम आकाराचे, तांबूस-नारिंगी रंगाचे फुलपाखरू आहे. माळराने, गवताळ पडीक जमिनी, खुरटी झुडपे असलेले प्रदेश, शेतांचे बांध आणि बागा हे त्याचे नेहमीचे अधिवास होत. दाट जंगलात ते क्वचितच दिसते. भारतात ते बहुतेक सर्व राज्यांत आढळते आणि सहज ओळखू येणाऱ्या फुलपाखरांपैकी एक आहे.

या फुलपाखराच्या अळ्या रुई व तिच्या जवळच्या, विषारी चीक असलेल्या वनस्पतींवर वाढतात. या वनस्पतींतील विषारी द्रव्ये अळी आपल्या शरीरात साठवते व ती प्रौढावस्थेतही टिकून राहतात. त्यामुळे पक्षी व इतर भक्षक सहसा या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. त्याचा ठळक रंग, संथ उड्डाण आणि इतर फुलपाखरांनी केलेली त्याची नक्कल या साऱ्यांचे मूळ या विषात आहे.

== नाव व वर्गीकरण ==

कार्ल लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७५८ साली ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत या जातीचे वर्णन केले. त्या काळी सर्वच फुलपाखरे ‘पॅपिलिओ’ या एकाच प्रजातीत घातली जात असत. त्यानुसार या जातीचे मूळ नाव ‘पॅपिलिओ क्रिसिपस’ असे होते. डॅनॉस ही स्वतंत्र प्रजाती नंतर निर्माण झाली. प्रजाती व जाती या दोहोंची नावे ग्रीक पुराणकथांतून आलेली आहेत. डॅनॉस हा पन्नास कन्यांचा पिता असलेला राजा, तर क्रिसिपस हा त्याचा भाऊ इजिप्टस याच्या पन्नास पुत्रांपैकी एक होय.

प्लेन टायगरचा समावेश निम्फॅलिडी कुळात होतो. या कुळातील फुलपाखरांचे पुढचे दोन पाय आखूड असून चालण्यासाठी वापरले जात नाहीत, त्यामुळे ती चार पायांवर उभी असल्यासारखी दिसतात. या कुळातील डॅनॅइनी या उपकुळात प्लेन टायगर, स्ट्राइप्ड टायगर, ब्लू टायगर, कॉमन क्रो आणि उत्तर अमेरिकेतील दूरच्या स्थलांतरासाठी प्रसिद्ध असलेले मोनार्क ही फुलपाखरे येतात. मोनार्क व प्लेन टायगर एकाच प्रजातीचे आहेत; आफ्रिकेत प्लेन टायगरला ‘आफ्रिकन मोनार्क’ असेही म्हणतात. ऑस्ट्रेलियातील ‘लेसर वाँडरर’ हे फुलपाखरू पूर्वी याच जातीची उपजाती मानले जात असे. आता ती स्वतंत्र जाती समजली जाते.

== वर्णन ==

पंख पसरलेले असताना या फुलपाखराची रुंदी साधारण ७ ते ८ सेंटिमीटर भरते. पंखांचा मूळ रंग तांबूस-नारिंगी असतो. पुढच्या पंखांची टोके काळी असून त्या काळ्या भागातून पांढऱ्या ठिपक्यांचा एक तिरपा पट्टा जातो. मागच्या पंखांची कड काळी असून तिच्यात लहान पांढरे ठिपके असतात. मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन काळे ठिपके दिसतात. पंखांची खालची बाजू वरच्या बाजूसारखीच, पण काहीशी फिकट असते. डोके व छाती काळ्या रंगाची असून त्यांवर स्पष्ट पांढरे ठिपके असतात.

नर व मादी यांचा रंग सारखाच असला तरी नराच्या मागच्या पंखावर आणखी एक, चौथा ठिपका असतो. तो काळा असून त्याच्या मध्यभागी पांढुरके केंद्र असते. ही नराची गंधपेटी होय. पंख उघडून बसलेल्या फुलपाखराच्या मागच्या पंखावरील ठिपके मोजून नर-मादी ओळखता येतात.

== आढळ व अधिवास ==

या जातीचा प्रसार फार मोठ्या भूभागावर आहे. जवळजवळ संपूर्ण आफ्रिका, कॅनरी बेटे, भूमध्य समुद्राच्या काठचे काही प्रदेश, अरबस्तान, भारतीय उपखंड, श्रीलंका, म्यानमार, चीनचा दक्षिण भाग व आग्नेय आशिया येथे ती आढळते. वाळवंटाच्या कडेचे कोरडे प्रदेश, किनारपट्टी, पठारे आणि डोंगरउतार अशा भिन्न भिन्न ठिकाणी ती राहू शकते.

मात्र या सर्व ठिकाणांत दोन गोष्टी समान असतात: मोकळे ऊन आणि अळीला खाण्यायोग्य वनस्पती. प्लेन टायगर उन्हात उडणारे फुलपाखरू आहे. गर्द सावलीच्या जंगलात रुईसारख्या वनस्पती वाढत नाहीत आणि फुलपाखरालाही तेथे पुरेसे ऊन मिळत नाही. म्हणून जंगल तुटून मोकळी जमीन तयार झाली किंवा रस्ता, रेल्वेमार्ग वा कालव्याच्या कडेला झुडपे वाढली, तर प्लेन टायगर तेथे लवकर येऊन पोहोचते.

महाराष्ट्रात सोलापूर, अहिल्यानगर, पुणे व मराठवाड्यातील कमी पावसाच्या माळरानांपासून कोकण व गोव्यातील जांभ्या दगडाच्या सड्यांपर्यंत हे फुलपाखरू दिसते. शहरांतही मोकळ्या भूखंडांवर, नदीकाठी व बागांत ते आढळते. ते वर्षभर दिसत असले तरी पावसाळ्यात व पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत, खाद्यवनस्पतींना नवी पालवी फुटलेली असताना, त्याची संख्या अधिक असते.

== जीवनचक्र ==

अंडे, अळी, कोश आणि प्रौढ फुलपाखरू अशा चार अवस्थांतून जीवनचक्र पूर्ण होते. उष्ण हवामानात त्याला साधारण तीन ते पाच आठवडे लागतात. थंडीत हा काळ वाढतो. त्यामुळे अनुकूल प्रदेशात एका वर्षात अनेक पिढ्या निपजतात.

=== अंडे ===

मादी योग्य वनस्पतीभोवती बराच वेळ घिरट्या घालते व पानावर उतरून पायांनी त्याची चाचपणी करते. पायांवरील ज्ञानेंद्रियांनी पानातील रसायने ओळखल्यावर ती पोट वाकवून एक अंडे चिकटवते आणि पुढे जाते. अंडी गुच्छाने न घालता एकेकटी घातली जातात. अंडे रुपेरी-पांढरे, घुमटाकार असून त्यावर उभ्या कंगोऱ्या असतात. तीन ते पाच दिवसांत त्यातून अळी बाहेर येते. अंड्याचे कवच हेच बहुधा तिचे पहिले अन्न असते.

=== अळी ===

पूर्ण वाढलेली अळी काळे, पांढरे व पिवळे आडवे पट्टे असलेली, गुळगुळीत आणि दुरूनही नजरेत भरणारी असते. तिच्या पाठीवर काळ्या, मऊ, शिंगांसारख्या तंतूंच्या तीन जोड्या असतात. एक जोडी डोक्याजवळ, एक मध्यभागी व एक शेपटीकडे असते. या तंतूंचे बूड बहुधा तांबडे असते. साधारण दोन आठवड्यांत अळी चार वेळा कात टाकून वाढ पूर्ण करते.

रुईचे पान तोडताच पांढरा, चिकट चीक बाहेर येतो व हवेत लवकर घट्ट होतो. अगदी लहान अळी त्यात अडकून मरू शकते. त्यावर उपाय म्हणून अळी खाण्यापूर्वी पानाची शीर किंवा देठ कुरतडते, अथवा पानावर अर्धवर्तुळाकार चर पाडते. शिरांतून येणारा चीक त्या छेदातून वाहून जातो आणि छेदाच्या पलीकडच्या भागात चिकाचा दाब उरत नाही. मग अळी तो भाग खाते. रुईच्या पानांवर दिसणारी गोल भोके व वाळलेल्या चिकाच्या कडा ही या अळीच्या वावराची खूण असते.

=== कोश ===

वाढ पूर्ण झालेली अळी पानाच्या खाली, फांदीवर किंवा जवळच्या एखाद्या आधारावर रेशमाची गादी विणते, तिला शेपटीकडील टोकाने उलटी लटकते आणि अखेरची कात टाकते. कोश गुळगुळीत व फुगीर असून हिरवा किंवा फिकट गुलाबी असतो. त्याच्या रुंद भागावर काळ्या व सोनेरी मण्यांची ओळ असते. हिरव्या पानांत हिरवा, तर कोरड्या काड्यांवर गुलाबी कोश बेमालूम मिसळून जातो. आठवडा ते दीड आठवड्यात कोशाचे आवरण पारदर्शक होते व आतील नारिंगी पंख दिसू लागतात. त्यानंतर लवकरच फुलपाखरू बाहेर पडते.

== खाद्यवनस्पती ==

अळीच्या बहुतेक खाद्यवनस्पती पूर्वी रुई कुल म्हणून स्वतंत्र मानल्या गेलेल्या व आता कण्हेरीच्या कुलात समाविष्ट असलेल्या गटातील आहेत. महाराष्ट्रात पुढील वनस्पती महत्त्वाच्या आहेत:

* रुई – मोठे, पांढरट पानांचे झुडूप. पडीक जमिनीवर सर्वत्र.
* मांदार – रुईसारखेच, पण अधिक कोरड्या प्रदेशात वाढणारे झुडूप.
* उतरण – कुंपणांवर व झुडपांवर चढणारी, काटेरी जोडफळांची वेल.
* हळदीकुंकू – लाल-पिवळ्या फुलांची, मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील आणि आता बागांत व ओढ्याकाठी पसरलेली वनस्पती.
* माकडशिंग व कंदीलपुष्पाच्या काही जाती – खडकाळ माळांवर व डोंगरउतारांवर वाढणाऱ्या वनस्पती.

प्रौढ फुलपाखरे एकाच वनस्पतीवर अवलंबून नसतात. एकदांडी, घाणेरी, ओसाडी अशा अनेक फुलांतील मध ती घेतात. रुईच्या फुलांचे परागीभवन मात्र मुख्यतः मोठे सुतार भुंगे करतात. म्हणजे प्लेन टायगर रुईवर वाढत असले तरी परागवाहक म्हणून रुईला त्याचा फारसा उपयोग होत नाही.

== विष व संरक्षण ==

रुईच्या चिकात हृदयाच्या स्नायूंवर परिणाम करणारी कार्डिनोलाइड वर्गातील द्रव्ये असतात. प्राण्यांच्या पेशींतील सोडियम व पोटॅशियम यांचा समतोल राखणाऱ्या प्रथिनाला ती चिकटतात व त्याचे काम थांबवतात. मोठ्या मात्रेत ती मारक ठरतात, तर कमी मात्रेत पक्ष्यांना ओकारी होते. डॅनॉस प्रजातीच्या फुलपाखरांत या प्रथिनाच्या रचनेत लहानसा बदल झालेला आहे. त्यामुळे विष त्याला सहजी चिकटत नाही आणि अळी विषारी पाने खाऊनही जगते.

एकदा असे फुलपाखरू खाऊन त्रास झालेला पक्षी त्याचा रंग लक्षात ठेवतो. नारिंगी, काळा व पांढरा हे ठळक रंग भक्षकाला पटकन शिकता यावेत अशा इशाऱ्याचे काम करतात. पकडले गेल्यावर प्लेन टायगर पंख मिटून निपचित पडते व दुर्गंधीयुक्त द्रव सोडते. त्याचे शरीर चिवट असल्याने पक्ष्याने एकदा चोचीत धरून सोडून दिल्यावरही ते बहुधा उडून जाऊ शकते.

सर्व प्लेन टायगर सारखीच विषारी नसतात. विषाचे प्रमाण अळीने कोणती वनस्पती खाल्ली यावर अवलंबून असते, आणि काही फुलपाखरांत ते अत्यल्प असते. अशी बेचव नसलेली फुलपाखरेही आपल्याच जातीच्या विषारी भाऊबंदांमुळे वाचतात.

== वर्तन ==

=== उड्डाण व विश्रांती ===

प्लेन टायगरचे उड्डाण संथ, सरळ व जमिनीलगतचे असते. पाठलाग झाल्यास ते वेग वाढवते व उंच जाते. सकाळचे ऊन पडल्यापासून सायंकाळपर्यंत ते फिरत असते. संध्याकाळी अनेक फुलपाखरे वाळक्या काड्यांवर, गवताच्या काडीला किंवा झुडपाच्या फांदीला एकत्र लटकून रात्र काढतात. खाद्यवनस्पती सुकल्यावर ती नव्या ठिकाणी जातात. त्यामुळे एखाद्या माळावर त्यांची संख्या ऋतूप्रमाणे बरीच बदलते.

=== नर व गंध ===

नर मध पिण्याव्यतिरिक्त काही ठरावीक वनस्पतींच्या सुकलेल्या भागांवर गर्दी करतात. भुरुंडी, खुळखुळा, बोरू आणि त्यांच्या जवळच्या वनस्पतींत पायरोलिझिडिन वर्गातील अल्कलॉइडे असतात. नर सोंडेतून द्रव सोडून सुकलेली पाने व खोडे ओली करतात आणि त्यात विरघळलेली अल्कलॉइडे शोषून घेतात. हे अन्न नव्हे. त्यातून पोषण मिळत नाही.

या द्रव्यांपासून नर डॅनॅइडोन हा गंध तयार करतो. नराच्या पोटाच्या टोकाशी केसांचे दोन कुंचले असतात. नर हे कुंचले मागच्या पंखावरील गंधपेटीत वारंवार बुडवतो. कुंचले व गंधपेटी यांच्या अशा संपर्काशिवाय हा गंध तयार होत नाही, असे १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. मादीचा पाठलाग करताना नर कुंचले पसरून तिच्यावर गंध पसरवतो. ज्या नराला ही वनस्पती मिळालेली नाही, त्याच्याजवळ हा गंध नसतो. याच प्रजातीतील अमेरिकेच्या क्वीन फुलपाखरात मीलनाच्या वेळी ही संरक्षक द्रव्ये नराकडून मादीला व तिच्याकडून अंड्यांना मिळतात, असे आढळले आहे.

थोडक्यात, या जातीला दोन प्रकारच्या वनस्पती लागतात: अळीला रुईच्या गटातील आणि नराला भुरुंडी-खुळखुळ्याच्या गटातील. दोन्ही प्रकार एकत्र मिळतात ते मुख्यतः मोकळ्या, गवताळ जमिनीवर.

== नक्कल ==

हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १८६२ साली ॲमेझॉन खोऱ्यातील फुलपाखरांच्या अभ्यासावरून असे मांडले, की बिनविषारी जाती विषारी जातींसारख्या दिसू लागल्या तर त्यांना भक्षकांपासून संरक्षण मिळते. प्लेन टायगर व डॅनेड एगफ्लाय ही जोडी या प्रकारच्या नकलेचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे.

डॅनेड एगफ्लायचा नर काळा असून त्याच्या पंखांवर निळसर-जांभळी झाक असलेले मोठे पांढरे ठिपके असतात. मादी मात्र त्याच्याशी काहीही साम्य नसलेली, हुबेहूब प्लेन टायगरसारखी नारिंगी असते. तिच्या अळ्या घोळीसारख्या बिनविषारी वनस्पतींवर वाढतात. दोघींत फरक करण्यासाठी मागचा पंख पाहावा: एगफ्लायच्या मादीच्या मागच्या पंखावर, पुढच्या कडेजवळ, एकच काळा ठिपका असतो. ही नक्कल करणारी फुलपाखरे मूळ जातीपेक्षा कमी असतील तोपर्यंतच नक्कल यशस्वी ठरते. त्यांची संख्या वाढली तर पक्ष्यांचा अनुभव बदलतो आणि नारिंगी रंगाची धास्ती कमी होते.

हिमालयात व दक्षिण भारतातील उंच डोंगरांवर आढळणाऱ्या इंडियन फ्रिटिलरीची मादीही पुढच्या पंखांच्या काळ्या-पांढऱ्या टोकांमुळे प्लेन टायगरसारखी दिसते. स्ट्राइप्ड टायगर मात्र प्लेन टायगरप्रमाणेच विषारी आहे. त्याच्या पंखांच्या शिरांवर ठळक काळ्या रेषा असतात.

== रंगप्रकार ==

या जातीचे अनेक रंगप्रकार आहेत. ‘डोरिपस’ या प्रकारात पुढच्या पंखाचे काळे-पांढरे टोक नसते, तर ‘अल्सिपस’ या प्रकारात मागचा पंख बराचसा पांढरा असतो. भारतात नेहमीचा, काळ्या टोकाचा प्रकार सर्वाधिक आढळतो. आफ्रिकेत निरनिराळ्या प्रदेशांत निरनिराळे प्रकार प्रबळ असून पूर्व आफ्रिकेत ते एकमेकांत मिसळतात.

केनियातील नैरोबीच्या परिसरात काही माद्यांच्या शरीरात स्पायरोप्लाझ्मा हा जीवाणू असतो. तो आईकडून अंड्यांत जातो व नर पिल्ले लहानपणीच मारतो. त्यामुळे तेथील काही समूहांत माद्यांचे प्रमाण फार मोठे असते. अशा माद्यांमध्ये रंग ठरवणारे जनुक असलेले गुणसूत्र मादीच्या लिंग-गुणसूत्राला जोडले गेल्याचेही आढळले आहे. नव्या जाती कशा निर्माण होतात, याच्या अभ्यासात हे उदाहरण महत्त्वाचे मानले जाते.

== नैसर्गिक शत्रू ==

विषामुळे पक्ष्यांपासून बरेच संरक्षण मिळत असले तरी कीटकांपासून ते मिळत नाही. काही परजीवी माश्या व गांधीलमाश्यांच्या गटातील लहान परजीवी कीटक अळीच्या किंवा कोशाच्या शरीरात आपली पिल्ले वाढवतात. अशा वेळी कोशातून फुलपाखराऐवजी हे परजीवी बाहेर पडतात. कोळी, प्रार्थनाकीटक व मुंग्या हेही अंडी, अळ्या व प्रौढ यांचे शत्रू आहेत.

== मानवी संदर्भ ==

प्राचीन इजिप्तमधील थीब्ज येथे नेबामुन या अधिकाऱ्याच्या थडग्यात सुमारे इ.स.पू. १३५० मध्ये काढलेली भित्तिचित्रे आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांपैकी दलदलीतील शिकारीच्या चित्रात रंगवलेली फुलपाखरे प्लेन टायगर म्हणून ओळखता येतात. फुलपाखरांच्या सर्वांत जुन्या चित्रांत त्यांची गणना होते.

महाराष्ट्रात मारुतीला शनिवारी रुईच्या पानांची माळ घालण्याची प्रथा आहे. त्यामुळे देवळांच्या आवारात व वाटांच्या कडेला रुईची झुडपे राखली जातात आणि त्यांवर या फुलपाखराच्या अळ्या आढळतात. रुईचा चीक डोळ्यांना गंभीर इजा करू शकतो. अळ्यांचे निरीक्षण करताना पाने तोडल्यास हात धुण्यापूर्वी डोळ्यांना लावू नयेत.

== सद्यःस्थिती व संवर्धन ==

प्लेन टायगर ही धोक्यात आलेली जाती मानली जात नाही. तिची नक्कल करणाऱ्या डॅनेड एगफ्लायला मात्र भारताच्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली दीर्घकाळ पहिल्या अनुसूचीचे संरक्षण होते. नक्कल करणाऱ्या जातीचे संरक्षण मूळ विषारी जातीच्या विपुलतेवरही अवलंबून असते. या अर्थाने सामान्य समजल्या जाणाऱ्या जातीचे महत्त्व तिच्यापुरते मर्यादित राहत नाही.

भारतात झुडपे असलेल्या मोकळ्या जमिनींची नोंद सरकारी नकाशांत बऱ्याचदा ‘पडीक जमीन’ अशी होते. वृक्षलागवड, उद्योग किंवा बांधकाम यांसाठी अशा जमिनी प्रथम निवडल्या जातात. दाट वृक्षलागवडीने सावली वाढते, आणि रुई, उतरण, भुरुंडी व खुळखुळा यांसारख्या उन्हात वाढणाऱ्या वनस्पती नाहीशा होतात. बांध व कुंपणे तणनाशके मारून स्वच्छ केल्यानेही हाच परिणाम होतो.

मात्र केवळ प्लेन टायगर दिसते म्हणून एखादे माळरान सुस्थितीत आहे असे म्हणता येत नाही. गुरे रुई खात नाहीत. त्यामुळे अतिचराईने गवत संपलेल्या जमिनीवर रुई उलट वाढते आणि तिच्याबरोबर हे फुलपाखरूही. माळढोक, लांडगा किंवा चिंकारा या माळरानावरील प्राण्यांना अशी सवलत नाही. त्यांना विस्तीर्ण व अखंड गवताळ प्रदेश लागतो. माळरानाची स्थिती जाणून घेण्यासाठी प्लेन टायगरबरोबर तेथील गवतांवर वाढणाऱ्या फुलपाखरांच्या जाती व गवतांची विविधता यांचीही नोंद घ्यावी लागते.

== हे सुद्धा पाहा ==

* स्ट्राइप्ड टायगर
* डॅनेड एगफ्लाय
* मोनार्क फुलपाखरू
* रुई
* माळरान